उत्तरेचे येणेकरी



थॉर, ओडिन आणि लोकी ही नावं आता आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. सिनेमाने ती त्यांच्यापर्यंत पोहोचवली. आजच्या व्याख्यानात मी या देवांविषयी थोडंच बोलणार आहे. माझा विषय आहे देव गेल्यावरही मागे राहिलेले: गोठ्याच्या माळ्यावरचा म्हातारा, रानातली पोकळ पाठीची बाई, धबधब्याखालचा वादक, समुद्रातून भिजून परत येणारे बुडालेले लोक, नावासाठी रडणारी अर्भकं.

आइसलँडच्या लोकसभेने इ.स. 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडन त्याच काळात, थोडे मागेपुढे, त्याच वाटेने गेले. थॉरला बळी देणं थांबलं, ओडिनची देवळं उरली नाहीत. सव्वादोनशे वर्षांनी, 1220 च्या आसपास, आइसलँडच्या स्नोर्री स्टुर्लुसोनने ‘एड्डा’ लिहिला, तेव्हा त्या देवांच्या कथा कवींना उपमा-अलंकार कळावेत म्हणून सांगाव्या लागत होत्या. म्हणजे देव तोवर पुस्तकात जाऊन बसले होते. पण एकोणिसाव्या शतकातही नॉर्वेतली एखादी शेतकरीण नाताळच्या रात्री लापशीचा वाडगा गोठ्यात नेऊन ठेवत होती, आणि त्यात लोणी घालायला विसरत नव्हती. राजाने, बिशपने, कायद्याने आणि शाळेने सांगूनही हा वाडगा आठशे वर्षं का थांबला नाही, या प्रश्नाने मला या विषयाकडे ओढलं.

मला सुचलेलं उत्तर असं. हे सगळे अमानवी जीव येणेकरी आहेत. माणसाने त्यांच्याकडून काहीतरी घेतलं आहे, जमीन, दूध, मासे, संगीत, कधी एखाद्याचा जीव, आणि त्याची भरपाई अजून व्हायची आहे. लोककथा म्हणजे या थकबाकीची वही. आता ही वही उघडू.

तिची सुरुवात देवांच्याच एका व्यवहारापासून होते. स्नोर्री सांगतो की देवांच्या नगरीला तटबंदी बांधून द्यायला एक कारागीर आला. त्याने मजुरी सांगितली: सूर्य, चंद्र आणि फ्रेया देवी. देवांनी अट घातली की काम एका हिवाळ्यात, कुणाही माणसाच्या मदतीशिवाय व्हायला हवं, घोड्याची मदत तेवढी चालेल. तो घोडा असा निघाला की काम मुदतीत पुरं होऊ लागलं. तेव्हा लोकी घोडीचं रूप घेऊन त्या घोड्याला रानात पळवून घेऊन गेला. काम अडलं, कारागीर संतापला, तो राक्षसकुळातला आहे हे उघड झालं आणि थॉरने हातोडा घालून त्याची कवटी फोडली. तट जवळजवळ पुरा झालेला होता. मजुरी दिली गेली नाही.

आता दक्षिण स्वीडनमधल्या लुंड शहरात या. तिथल्या कॅथीड्रलच्या तळघरातली वेदी 1123 साली अभिषिक्त झाली. त्या तळघरात एका खांबाला मिठी मारून उभी असलेली एक दगडी आकृती आहे. लोक म्हणतात, हा फिन नावाचा राक्षस. संत लॉरेन्शियसला त्यानेच देऊळ बांधून दिलं. मजुरी ठरली होती सूर्य आणि चंद्र, किंवा संताचे दोन डोळे. मात्र संताने राक्षसाचं नाव ओळखलं तर काहीच द्यायचं नाही. काम संपत आलं तेव्हा संताला टेकडीखालून राक्षसाच्या बायकोची अंगाई ऐकू आली, तिच्यात नवऱ्याचं नाव होतं. संताने नाव उच्चारलं. राक्षस खांब उपटायला तळघरात धावला आणि तिथेच दगड झाला. हीच कथा नॉर्वेत संत ओलाफच्या नावावर सांगतात. देव बदलले, संत आले, पण बांधणाऱ्याची मजुरी बुडवण्याची गोष्ट तशीच टिकली. मला यात विशेष वाटतं ते हे की कथा ही लबाडी झाकून ठेवत नाही. देऊळ उभं आहे आणि त्याच्या पायाशी फसवला गेलेला मजूर खांबाला धरून उभा आहे, दोन्ही एकाच इमारतीत.

या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या काही चिकाटीच्या माणसांमुळे. नॉर्वेत पेटर क्रिस्टेन आस्ब्यर्नसन आणि यर्गन मू या मित्रांनी 1841 पासून लोककथा छापायला सुरुवात केली. आस्ब्यर्नसन प्राणिशास्त्राचा अभ्यासक, पुढे जंगलखात्याचा अधिकारी. मू पुढे बिशप झाला. आइसलँडमध्ये योन आर्नासनने जमवलेला दोन खंडांचा संग्रह 1862 ते 1864 मध्ये जर्मनीत, लायप्झिगला छापला गेला. आणि डेन्मार्कमध्ये होता एवाल्द तांग क्रिस्टेन्सन, 1843 साली जन्मलेला खेड्यातला शाळामास्तर. जटलंडच्या माळरानातून पायी हिंडत त्याने हजारो लोकांच्या तोंडच्या कथा आणि गाणी लिहून घेतली. त्याला सांगणारे बहुतेक लोक तुकडाभर जमिनीचे, मजुरीवर जगणारे, म्हातारपणी गावाच्या आधाराने राहणारे होते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण देणं-घेणं काय असतं ते अशा माणसांना नीट कळतं.

गोठ्यातल्या म्हाताऱ्याला नॉर्वे-डेन्मार्कमध्ये निसे म्हणतात, स्वीडनमध्ये तोम्ते. ठेंगणा, राखाडी कपड्यांतला, डोक्यावर लाल टोपी. रात्री सगळे झोपले की तो घोड्यांना खरारा करतो, गुरांना वैरण घालतो, कुलूप-कडी तपासतो. एखादा घोडा त्याचा लाडका असतो आणि त्याच्यासाठी तो शेजारच्या गोठ्यातून गवत चोरूनही आणतो. वर्षाकाठी त्याची अपेक्षा एकच: नाताळच्या रात्री लापशीचा वाडगा, वर लोण्याचा गोळा. एका मोलकरणीने एकदा थट्टेने लोणी वाडग्याच्या तळाशी ठेवलं आणि वर लापशी ओतली. निसेने वाडगा पाहिला, लोणी दिसलं नाही. तो तडक गोठ्यात गेला आणि त्याने घरातली सगळ्यांत चांगली गाय मारून टाकली. मग परत येऊन लापशी खायला बसला तर तळाशी लोणी सापडलं. त्याला इतका पस्तावा झाला की तो त्याच रात्री दूरच्या गावात गेला, अगदी तशीच गाय शोधली आणि आणून रिकाम्या दाव्याला बांधली.

ही कथा स्कँडिनेव्हियात असंख्य ठिकाणी सांगितली गेली आहे. मला ती न्यायाची कथा वाटते. निसेचा राग लोण्याच्या किमतीचा नाही. वर्षभराच्या कष्टाची कुणी दखलच घेतली नाही, याचा तो राग आहे. शेतावरच्या गडी-मोलकरणींच्या वार्षिक करारात जेवण हा मजुरीचाच भाग असे. लापशीवर लोणी आहे की नाही यावरून मालकाची नियत ओळखली जाई. ही कथा गोठ्याशेजारी झोपणाऱ्या गड्यांनी सांगितली आहे, हे तिच्या प्रत्येक तपशिलातून कळतं.

पण हा निसे आहे तरी कोण? जुन्या समजुतीनुसार तो ते शेत पहिल्यांदा ज्याने साफ केलं, त्या माणसाचा आत्मा. नॉर्वेच्या भूमीपैकी जेमतेम 3 टक्के जमीन लागवडीची आहे. खडक फोडून, मुळं उपटून, दगड वेचून पिढ्यान्‌पिढ्या बांध रचत तिथे शेत तयार होतं. ज्याने ते केलं तो मेला तरी त्याचा हक्क संपत नाही. नंतरचा प्रत्येक मालक हा एका अर्थी त्याचा कूळ, आणि लापशी हा खंड. कोकणात किंवा गोव्यात वाढलेल्या श्रोत्यांना इथे जागेचा राखणदार आणि त्याला वर्षाचं ठरलेलं देणं आठवेल. मला वाटतं कष्टाने काढलेल्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांना ही जाणीव आपोआपच होते. चर्चला ही पूजा खपत नव्हती. चौदाव्या शतकात संत बिर्गिटाने घरजागेच्या या देवांना दूध, मांस आणि पेय वाहणाऱ्यांना खडसावलं होतं. तिच्या शब्दाला रोमपर्यंत वजन होतं, पण गोठ्यातला वाडगा चालूच राहिला.

या म्हाताऱ्याला हरवलं ते शेवटी प्रेमाने. 1881 साली व्हिक्टर रिडबर्ग या स्वीडिश कवीची ‘तोम्तेन’ ही कविता चित्रकर्ती येनी न्यूस्ट्रमच्या चित्रासह छापली गेली. पुढे न्यूस्ट्रमच्या भेटकार्डांवरून तोम्ते घराघरांत गेला, गोंडस झाला, लाल टोपीचा, मुलांना भेटवस्तू वाटणारा नाताळबाबा झाला. पूर्वी घेणारा होता तो देणारा झाला. चित्रं सुंदर आहेत, पण मला त्यांच्याकडे पाहून हळहळ वाटते. भेटी वाटणाऱ्या म्हाताऱ्याचं कुणीच काही लागत नाही.

शेतावरून वर डोंगरात जाऊ. नॉर्वेत उन्हाळा आला की गुरं डोंगरावरच्या कुरणांत नेत. तिथल्या लाकडी झोपड्यांच्या वस्तीला सेटर म्हणतात. गुरांसोबत बहुधा तरुण मुली जात आणि उन्हाळाभर तिथे राहून दूध काढत, लोणी-चीज करत. शरद ऋतूत त्या खाली उतरल्या की तीच वस्ती हुल्ड्रे लोकांची होई, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणाऱ्या लपलेल्या माणसांची. त्यांचीही गुरं असत, पुष्ट आणि भरपूर दुधाची. ठरलेल्या दिवसानंतर सेटरवर रेंगाळणं म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत घुसणं. अशी रेंगाळलेली मुलगी पाहता पाहता परक्या वऱ्हाडात सापडते, तिला नवरीचे दागिने चढवले जातात. कुत्रा खाली धावत जाऊन तिच्या नियोजित वराला घेऊन येतो, तो झोपडीच्या छपरावरून बंदूक झाडतो आणि वऱ्हाड नाहीसं होतं. नवरीचा चांदीचा मुकुट तेवढा डोक्यावर राहतो. असा मुकुट आपल्याकडे आहे असं सांगणारी घराणी नॉर्वेत होती.

हुल्ड्रा एकटी भेटते तेव्हा ती देखणी असते. फक्त मागे गायीचं शेपूट, किंवा पाठ कुजलेल्या ओंडक्यासारखी पोकळ. स्वीडनमध्ये तिची बहीण स्कूग्सरो, रानाची धनीण. शिकाऱ्याला शिकार मिळते ती तिच्या मर्जीने. आठवडेच्या आठवडे रानात कोळशाची भट्टी राखत एकटे राहणाऱ्या माणसांशी तिचं खास नातं. भट्टी फुटून पेट घेणार असेल तेव्हा ती येऊन त्याला जागं करते. झोप लागली आणि भट्टी जळाली तर महिनाभराची कमाई राख, म्हणून ही जाग येणं कोळसेवाल्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती याची कल्पना करा. बदल्यात तिला हवा असे थोडा अन्नाचा वाटा, किंवा सोबत. सतराव्या शतकात मात्र या सोबतीने काहींचा जीव घेतला. स्वीडनच्या न्यायालयांत रानबाईशी संग केल्याच्या आरोपावरून पुरुषांवर खटले चालले आणि मृत्युदंडही सुनावले गेले. कायद्याच्या लेखी ती बाई म्हणजे सैतानच होता. रानातल्या एकाकी माणसाने सांगितलेली गोष्ट न्यायाधीशाने शब्दशः धरली, आणि दोघांच्या भाषेतलं अंतर त्या माणसाला भोवलं.

धबधब्याखालच्या फोस्सेग्रिमचा व्यवहार सरळ आहे. फिडल शिकायचं तर गुरुवारी संध्याकाळी त्याला मांस नेऊन द्यायचं. मांसाचा तुकडा भरगच्च असेल तर तो शिष्याची बोटं धरून तारांवर इतकी घासतो की रक्त येतं, पण मग त्या बोटांखाली झाडंही नाचू लागतात. तुकडा हाडकुळा असेल तर शिष्याला फक्त तारा लावता येतात, वाजवता येत नाही. टेलेमार्कच्या म्युलार्गुटेन या महान वादकाविषयी, 1801 ते 1872 हा त्याचा काळ, लोक म्हणत की त्याचं वादन असंच कुणाकडून तरी आलं आहे. गिरणीवाल्याच्या गरीब मुलाने एवढं वाजवावं हे ऐकणाऱ्यांना दुसऱ्या कशाने समजेना.

समुद्राचे हिशेब वेगळे. बर्गनचा बिशप एरिक पोंटोपिदान याने 1752-53 मध्ये छापलेल्या नॉर्वेच्या निसर्गवर्णनात क्राकेन या महाकाय समुद्री जीवाची हकिकत दिली आहे. ती त्याने कोळ्यांकडून ऐकली. उन्हाळ्यात ते काही मैल आत जातात, ऐंशी ते शंभर वाव पाणी असायला हवं त्या जागी शिशाची दोरी सोडतात आणि तळ वीस-तीस वावांवरच लागतो. मासे मात्र तिथे उदंड. तेव्हा कोळी ओळखतात की खाली क्राकेन आहे. ते आनंदाने मासे काढत राहतात आणि पुन्हा पुन्हा खोली मोजतात. पाणी आणखी उथळ होऊ लागलं की वर येतोय म्हणायचं आणि जीव घेऊन वल्ही मारायची. भीती आणि मिळकत एकाच जागी. सिनेमातल्या जहाजं गिळणाऱ्या राक्षसापेक्षा कोळ्यांचा हा क्राकेन मला कितीतरी खरा वाटतो. 1857 साली यापेटस स्टेनस्ट्रुप या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने महाकाय माखलाला शास्त्रीय नाव दिलं, आणि क्राकेनच्या कथेमागे असा प्राणी असावा हे मत रूढ झालं. तेराव्या शतकातल्या ‘राजाचा आरसा’ या नॉर्स ग्रंथात हाफगुफा नावाचा जीव येतो, जबडा उघडा ठेवून निश्चल राहणारा आणि मासे आपोआप तोंडात येऊ देणारा. 2023 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की देवमासे अगदी अशाच पद्धतीने खाताना अलीकडे पाहिले गेले आहेत. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या नॉर्स लोकांनी जे नीट पाहून ठेवलं होतं, त्याला आपण मधल्या काळात कल्पना म्हणत होतो.

आता मी जिथे जास्त थांबणार आहे तिथे येतो. ‘एर्बिग्या’ ही आइसलँडची सागा तेराव्या शतकात लिहिली गेली, तिच्यातल्या घटना धर्मांतराच्या वर्षातल्या, म्हणजे 1000 च्या आसपासच्या आहेत. हेब्रिडीज बेटांवरून थोरगुन्ना नावाची एक प्रौढ बाई फ्रोदाउ नावाच्या शेतावर राहायला येते. तिच्यापाशी उंची अंथरूण-पांघरूण असतं, रेशमी दुलई, पडदे. घरच्या मालकिणीचा, थुरीडचा, त्यावर डोळा असतो. एके दिवशी गवत कापताना आकाशातून रक्ताचा पाऊस पडतो, थोरगुन्ना अंथरूण धरते आणि मरताना सांगते की माझं सगळं अंथरूण जाळून टाका. माझ्या मनात कुणाविषयी आकस आहे म्हणून नाही, पण न जाळल्यास फार माणसं जातील. मालकीण नवऱ्याला गळ घालून दुलई आणि चादरी ठेवून घेते.

थोरगुन्नाचं प्रेत दूरच्या स्कालहोल्टला न्यायचं असतं. वाटेत रात्र होते. एका घरी आसरा मिळतो, पण जेवण मिळत नाही. मध्यरात्री स्वयंपाकघरातून आवाज येतो. पाहतात तर थोरगुन्ना, अंगावर वस्त्र नाही, स्वतः उठून आपल्या खांदेकऱ्यांसाठी स्वयंपाक करत आहे. घरमालक घाबरून तात्काळ सगळं देऊ करतो, आणि ती शांतपणे परत जाऊन निजते. पाहुण्याला उपाशी ठेवण्याचं देणं मेलेली बाई अशा रीतीने वसूल करते.

इकडे फ्रोदाउवर माणसं मरू लागतात. मेंढपाळ मरतो, मग थोरिर नावाचा गडी, मग एकामागून एक. मालक थोरोड सुकी मासळी आणायला होडीने गेलेला असतो, तो साथीदारांसह बुडतो. त्याच्या तेराव्यासारख्या भोजनाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना थोरोड आणि त्याचे सोबती अंगावरून पाणी ठिबकत दारातून आत येतात. लोक आनंदतात. बुडालेला आपल्या श्राद्धाला आला तर समुद्रदेवी रानने त्याला चांगलं ठेवलं आहे, असा जुना समज होता. पण पाहुणे गेल्यावरही ते रोज येतात, चुलीपाशी बसून कपडे पिळतात. मग थोरिरची टोळी येते, जमिनीत पुरलेल्यांची, आणि अंगावरची माती झटकत समोर बसते. जिवंत माणसांना दुसऱ्या खोलीत वेगळा विस्तव करावा लागतो. हिवाळ्याच्या अखेरीस तीस नोकरांपैकी अठरा मेलेले असतात, पाच पळालेले.

थुरीडचा मुलगा क्यार्टन आपल्या मामाकडे, स्नोर्री गोदीकडे जातो. हा एड्डा लिहिणाऱ्या स्नोर्रीच्या दोनशे वर्षं आधीचा धूर्त सरदार. त्याचा सल्ला असा: अंथरूण जाळा आणि भुतांवर खटला भरा. मग दारातच न्यायालय बसतं. साक्षीदार बोलावले जातात, पंच नेमले जातात, नेहमीच्या लोकसभेतल्या न्यायालयाप्रमाणे सगळी कार्यपद्धती पाळली जाते. आरोप असा की परवानगीशिवाय घरात वावरून लोकांचं आयुष्य आणि आरोग्य हिरावलं. एकेकाचं नाव घेऊन निकाल दिला जातो, आणि एकेक भूत उठतं, जाताना नाराजीचं एखादं वाक्य बोलतं आणि न्यायालय नसलेल्या दाराने बाहेर पडतं. शेवटी थोरोड उठतो. मग पुरोहित घरभर पवित्र पाणी शिंपडतो.

मला या प्रसंगात आइसलँडच्या त्या समाजाचं सगळं चित्र दिसतं. राजा नाही, पोलीस नाही, कायदा मात्र सर्वांना तोंडपाठ. त्यांची श्रद्धा अशी की मेलेल्या माणसालाही कायदेशीर निकाल मान्य असतो, फक्त तो रीतसर द्यायला हवा. पण खटल्यापूर्वी अंथरूण जाळावं लागलं, हे विसरू नका. मेलेल्या बाईचं बुडवलेलं देणं फेडल्याशिवाय मेलेल्यांकडून काही मागण्याचा हक्क घराला नव्हता.

आणि आता त्या येणेकऱ्यांकडे, ज्यांना न्यायालयाचं दारही दिसलं नाही. नॉर्वेत उटबुर्ड, स्वीडनमध्ये मिलिंग: जन्मतःच टाकून दिलेल्या, बाप्तिस्मा न झालेल्या मुलांची भुतं. रात्री रानातून रडण्याचा आवाज येतो. कधी ते वाटसरूच्या पाठीवर चढतं, दफनभूमीत ने म्हणतं आणि जवळ जावं तसं जड होत जातं, इतकं की वाहणाऱ्याचे पाय जमिनीत रुतू लागतात. त्याला हवी असते जागा, आणि नाव. नाव मिळालं की सुटतं. म्हणून धीराचा वाटसरू अंधारात त्या आवाजाला दोन नावं देतो, मुलगा असलास तर हे, मुलगी असलीस तर ते, आणि रडणं थांबतं.

आइसलँडची याच जातीची कथा योन आर्नासनच्या संग्रहात आहे. एका मोलकरणीने आपलं मूल टाकून दिलेलं असतं. पुढे गावात नाचाचा समारंभ ठरतो. मेंढ्यांच्या वाड्यात दूध काढताना ती मैत्रिणीला म्हणते, मला घालायला धड कपडे नाहीत, मी कशी जाऊ. वाड्याच्या भिंतीखालून एक आवाज गाऊ लागतो. तिचं मूल तिला आई म्हणून हाक मारतं आणि काळजी करू नकोस म्हणतं. ज्या फडक्यात गुंडाळून तिने त्याला टाकलं होतं तेच ती नेसून नाचायला जाऊ शकते. कथेत ती मुलगी नंतर वेडी होते. जगातल्या भुताच्या कथांत याहून भेदक दुसरी मला ठाऊक नाही, कारण या भुताच्या बोलण्यात राग नाही, ते आईची अडचण सोडवू पाहत आहे.

या कथेच्या मागे इतिहास आहे. 1000 च्या धर्मांतराच्या वेळी आइसलँडने दोन जुन्या गोष्टींना सूट ठेवली होती: घोड्याचं मांस खाणं आणि नवजात मूल टाकणं. काही वर्षांनी ती सूट गेली. पुढे सोळाव्या शतकात, 1564 च्या कठोर नैतिक कायद्यानंतर, लग्नाबाहेरचं बाळंतपण हीच भयाची गोष्ट झाली. थिंगवेटलिर या प्राचीन लोकसभेच्या जागी एक डोह आहे, तिथे स्त्रियांना बुडवून मारत. 18 जणींची नोंद आहे. नॉर्वेच्या 1687 च्या कायद्यात मूल मारणाऱ्या अविवाहित आईचं शिर छाटून खांबावर लावण्याची शिक्षा होती. मुलाचा बाप कधी शेताचा मालकच असे, किंवा त्याचा मुलगा. मोलकरणीला मूल ठेवता येत नव्हतं आणि टाकताही येत नव्हतं. कायद्याने हे देणं त्या एकटीच्या नावावर मांडलं. कथा मात्र ते मूल साऱ्या गावाच्या वाटेवर आणून बसवते आणि जो कुणी तिथून जाईल त्याच्या पाठीवर चढवते. माझ्या मते कथेचा हिशेब कायद्यापेक्षा बरोबर होता.

लोककथा नेहमीच न्यायाच्या बाजूने उभी राहते, असं मात्र मी म्हणणार नाही. बदललेलं मूल या समजुतीने स्कँडिनेव्हियात फार वाईट केलं आहे. मूल वाढेना, बोलेना, सारखं रडू लागलं, की हे आपलं नाही, ट्रोलांनी, म्हणजे डोंगरातल्या अमानवी जीवांनी, आपलं नेऊन त्यांचं ठेवलं असं म्हणायचं आणि ट्रोलांना आपलं परत द्यायला भाग पाडावं म्हणून त्या मुलाचे हाल करायचे. गॉटलंड बेटावर 1690 साली एका जोडप्यावर खटला चालला. त्यांनी अशा एका मुलाला नाताळच्या रात्री उकिरड्यावर ठेवलं होतं. ते थंडीने गेलं. इथे येणेकरी ते मूल होतं आणि कथेने त्याचं येणं बुडवायला मदत केली.

अशीच दुसरी चोरीची समजूत दुधाची. आइसलँडमध्ये म्हणत, दफनभूमीतून चोरलेल्या बरगडीला राखाडी लोकर गुंडाळून, छातीशी ठेवून, तीन रविवार प्रभुभोजनातला द्राक्षरस तिच्यावर थुंकला की तिलबेरी नावाचा जीव तयार होतो. तो शेजाऱ्यांच्या गायी-मेंढ्यांचं दूध पिऊन येतो आणि आपल्या मालकिणीच्या घुसळखांबाशी ओकतो. स्वीडनच्या मध्ययुगीन चर्चभिंतींवर लोणी घुसळणाऱ्या बायका आणि त्यांना मदत करणारे सैतान रंगवले आहेत. ज्या गावात सगळ्यांचं मिळून दूध तेवढंच असतं, तिथे एकीच्या घरचं लोणी वाढलं की दुसरीला आपलं कमी झालेलं दिसतं. संशय नेहमी बाईवर, बहुधा एकट्या आणि गरीब बाईवर.

मृत्यूशीही असाच व्यवहार आहे. 1349 साली प्लेग बर्गनच्या बंदरातून नॉर्वेत शिरला आणि देशातली निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली. लोककथेत ती साथ म्हणजे पेस्टा नावाची म्हातारी. हातात दंताळं असेल तर दात्यांमधून काहीजण वाचतात. हातात खराटा असेल तर घर साफ. टेओडोर किटेलसनने 1900 साली छापलेल्या चित्रांमुळे ती आजही सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. एका नावाड्याने तिला न ओळखता पलीकडे नेलं. मध्यावर त्याने तिला ओळखलं आणि उतराईऐवजी आपला जीव मागितला. पेस्टाने पुस्तक उघडून पाहिलं. तुला वाचवणं माझ्या हातात नाही, म्हणाली, पण तुला त्रास होणार नाही. नावाडी घरी गेला, त्याला फार झोप आली, तो आडवा झाला आणि गेला. पेस्टानेही भाडं चुकतं केलं. ज्या साथीने अर्धा देश नेला तिच्याकडूनही लोकांनी एवढी अपेक्षा ठेवली, हे मला त्या लोकांविषयी पुष्कळ सांगून जातं.

शेवटी आजच्या काळाविषयी. आइसलँडमधल्या लपलेल्या लोकांना हुल्डुफोल्क म्हणतात. एका कथेप्रमाणे ते इव्हची मुलं. देव अचानक भेटीला आला, तिने न्हाऊ घातलेली मुलं दाखवली आणि न न्हालेली लपवली. देव म्हणाला, माझ्यापासून जे लपवलं ते माणसांपासूनही लपलेलंच राहील. आइसलँडर्सचा यावर विश्वास आहे का, हे परदेशी पत्रकार नेहमी विचारतात. एर्लेंडुर हाराल्ड्सन या मानसशास्त्रज्ञाने 1974 साली लोकांच्या अशा अनुभवांची पाहणी केली होती. सत्य साईबाबांच्या चमत्कारांचा अभ्यास करण्यासाठी ते भारतातही अनेकदा आले होते. त्यांच्या आणि नंतरच्या पाहण्यांतून दिसतं ते असं की ठाम विश्वास थोड्यांचा, पण ठाम नकारही थोड्यांचाच. रेक्याविकजवळच्या कोपावोगुरमध्ये आल्फहोल नावाच्या खडकाळ टेकाडापाशी रस्ता अरुंद होतो, टेकाड तसंच आहे.

2013 साली राजधानीजवळच्या गाल्गाह्राउन या लाव्हाच्या रानातून नवा रस्ता काढायला लोकांनी विरोध केला. लोक यंत्रांपुढे बसले, पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, प्रकरण न्यायालयातही गेलं. विरोध करणाऱ्यांत निसर्गवादी होते, चित्रकार क्यार्वालच्या आवडत्या जागा जपू पाहणारे होते, आणि तिथल्या एका खडकात लपलेल्या लोकांचं चर्च आहे असं म्हणणारेही होते. जगभरच्या वर्तमानपत्रांनी यातलं शेवटचं तेवढं उचललं आणि हसून सोडून दिलं. रस्ता झाला. पण तो खडक, ओफेइग्सकिर्क्या, रस्तेखात्याने फोडला नाही. 2015 च्या मार्चमध्ये मोठी क्रेन आणून त्यांनी तो उचलला आणि रस्त्याच्या हद्दीबाहेर, त्याच्यासारख्याच दुसऱ्या खडकांशेजारी नेऊन ठेवला. त्या खात्यातले किती अभियंते हुल्डुफोल्क मानतात, हा प्रश्न मला गौण वाटतो. लाव्हाच्या रानाला स्वतःच्या नावाने न्यायालयात उभं राहता येत नाही. त्याच्या वतीने मागणी नोंदवणारा कुणीतरी लागतो, आणि आइसलँडमध्ये तो हजार वर्षांपासून तिथेच राहत आहे. क्रेनचं भाडं सरकारी तिजोरीतून गेलं.